दमदमची गोळी

'दमदमा' हा शब्द मराठीला परका नाही. किल्ल्याला वेढा पडला की तोफा चढवण्यासाठी मातीचा उंचवटा रचत, त्याला आपल्याकडे दमदमा म्हणत. शब्द फारसीतून आला आणि मोर्चा, बुरूज, सुरुंग यांच्या पंगतीत बसला. कोलकात्याच्या ईशान्येला, आज जिथे विमानतळ आहे त्या भागाला दमदम हे नाव अशाच एखाद्या उंचवट्यावरून पडले असे मानतात. १७८३ पासून १८५३ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्याचे मुख्य ठाणे तिथे होते. ठाणे पुढे मेरठला हलले, पण दारूगोळ्याचे काम दमदमला राहिले.

इतिहासाच्या पुस्तकांत हे गाव दोन काडतुसांमुळे येते. पहिले सर्वांना ठाऊक आहे. जानेवारी १८५७ मध्ये दमदमच्या छावणीत एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाजवळ लोटाभर पाणी मागितले, शिपायाने विटाळाच्या भीतीने नकार दिला, आणि खलाशाने त्याला सुनावले की नव्या एन्फिल्डची चरबी लावलेली काडतुसे दातांनी तोडावी लागतील तेव्हा तुझी जात कुठे राहील ते बघू. त्यानंतर काय झाले ते सांगायला नको.

दुसरे काडतूस चाळीसेक वर्षांनी त्याच गावात तयार झाले. त्याने हिंदुस्थानात फारशी खळबळ माजवली नाही. माजवली ती युरोपात. जगातल्या बहुतेक भाषांत 'डमडम' हा शब्द त्यानेच नेला. लहानपणी मी शिकारकथांत तो प्रथम वाचला, तेव्हा तो गोळीच्या आवाजावरून आला असावा असे वाटायचे. पुढे आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याचा, म्हणजे युद्ध चालू असतानाही सैन्याने कोणत्या मर्यादा पाळायच्या हे सांगणाऱ्या कायद्याचा, थोडा अभ्यास सुरू केला आणि पहिल्या काही पानांतच हे बंगाली गाव पुन्हा भेटले. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. कोणते शस्त्र वापरायचे नाही हे सरकारे एकत्र बसून ठरवू लागली, त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा तुकडा आपल्या देशातल्या एका कारखान्यात घडला, आणि आपल्याकडे त्याची चर्चा जवळजवळ नाही.

सुरुवात मात्र रशियात करावी लागते. १८६३ मध्ये रशियन सैन्यात एक स्फोटक गोळी आली. ती कठीण वस्तूवर आदळली तरच फुटायची. शत्रूच्या दारूगोळ्याच्या गाड्या उडवणे हा तिचा हेतू. १८६७ मध्ये तिच्यात सुधारणा झाली आणि ती मऊ वस्तूवर आदळूनही फुटू लागली. मऊ वस्तू म्हणजे माणूस, हे युद्धमंत्री दिमित्री मिल्युतिन यांना लगेच उमगले. ही गोळी आपण वापरू नये आणि दुसऱ्यांनीही वापरू नये, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यात भूतदया किती आणि शेजाऱ्यांनीही ती बनवली तर काय, हा हिशेब किती, याची वाटणी करत बसण्यात अर्थ नाही, दोन्ही असणार. १८६८ च्या अखेरीस सेंट पीटर्सबर्गला युरोपातील राष्ट्रांचे, शिवाय तुर्कस्तान आणि इराणचे लष्करी प्रतिनिधी जमले आणि त्यांनी जाहीरनामा केला: ४०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे, स्फोटक किंवा ज्वालाग्राही द्रव्य भरलेले अस्त्र आपसातल्या युद्धात वापरायचे नाही.

बंदी छोटी होती, पण तिच्या प्रस्तावनेतला विचार मोठा होता. युद्धाचा एकच रास्त हेतू असू शकतो, तो म्हणजे शत्रूचे लष्करी बळ कमी करणे. त्यासाठी जास्तीत जास्त माणसे लढण्यास असमर्थ झाली की पुरे. जे शस्त्र असमर्थ झालेल्या माणसाच्या यातना विनाकारण वाढवते किंवा त्याचा मृत्यू अटळ करते, ते या हेतूपलीकडे जाते. आजचा सगळा शस्त्रबंदीचा कायदा या तीन वाक्यांवर उभा आहे. त्यातला 'विनाकारण' हा शब्द मात्र नीट पाहावा. यातना नकोत असे कुणी म्हणत नव्हते. फुकट जाणाऱ्या यातना नकोत, एवढेच म्हणणे होते. कायदा शिपायांनी लिहिला होता आणि तो शिपायांच्या हिशेबात बसणारा होता.

आणि 'आपसातल्या' हा शब्दही. करार करणाऱ्यांच्या यादीत जे नव्हते त्यांच्या अंगात स्फोटक गोळी गेली तर जाहीरनामा गप्प राहणार होता.

आता हिंदुस्थानात येऊ. ब्रिटिश सैन्याची जुनी मार्टिनी-हेन्री बंदूक .४५ इंची, जाड शिशाची, सुमारे ३१ ग्रॅमची गोळी मारायची. ती अंगात शिरली की शिसे पसरायचे, हाड चुरायचे, माणूस जागीच कोसळायचा. १८८८ मध्ये तिच्या जागी ली-मेटफर्ड आली. हिची गोळी .३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर, वजन सुमारे १४ ग्रॅम. पुढे कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू आल्यावर ती सेकंदाला सुमारे ६०० मीटर वेगाने जाऊ लागली. एवढ्या वेगात उघडे शिसे बंदुकीच्या नळीत खरवडून जाते, म्हणून गोळीवर तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे पूर्ण कवच चढवले. गोळी लांब पल्ल्याची झाली, नेम सुधारला, शिपायाला जास्त काडतुसे बाळगता येऊ लागली. आणि योगायोगाने ती कमी क्रूरही झाली. कवचामुळे ती शरीरात पसरत नसे. हाड चुकले तर बारीक भोक पाडून पलीकडे निघून जाई आणि जखम लवकर भरून येई. त्या काळातले काही शल्यविशारद हिला माणुसकीची गोळी म्हणू लागले होते.

सरहद्दीवरच्या अधिकाऱ्यांना हीच माणुसकी नडली. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेत तक्रारी सुरू झाल्या: गोळी लागूनही पठाण थांबत नाही, तलवार घेऊन अंगावर येतोच. अनेक गोळ्या लागलेला माणूस स्वतःच्या पायांनी चालत इंग्रजांच्या इस्पितळात आला आणि बरा झाला, अशा कथा छावण्यांतून फिरू लागल्या. त्यांत खरे किती आणि मेसमध्ये रात्री वाढलेले किती, हे ठरवणे अवघड आहे. पण तक्रार वरपर्यंत गेली आणि दमदमच्या कारखान्याचे अधीक्षक कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांच्याकडे काम आले.

त्यांनी काढलेला उपाय फार साधा होता. गोळीच्या टोकावरचे कवच त्यांनी किंचित कमी केले, सुमारे मिलिमीटरभर शिसे उघडे ठेवले. बाकी सगळे तेच: तीच बंदूक, तीच दारू, तेच वजन. उघडे शिसे शरीरात शिरताच चपटे होते, मागचे कवच फाकते, आणि गोळी छत्रीसारखी उघडत आत जाते. आत जाताना भोक बोराएवढे, बाहेर पडताना वाटीएवढे. सरकारी नाव 'मार्क दोन स्पेशल' असे रुक्ष होते. लोकांनी कारखान्याच्या गावाचे नाव दिले.

१८९७-९८ मध्ये तिराहच्या मोहिमेत अफ्रिदी आणि ओरकझाई टोळ्यांवर ती वापरली गेली. त्याच १८९७ साली मलाकंदच्या फौजेबरोबर बावीस वर्षांचा विन्स्टन चर्चिल होता. पुढच्या वर्षीच्या आपल्या पुस्तकात त्याने या गोळीचे वर्णन केले आहे ते एखाद्या नव्या यंत्राचे करावे तसे, कौतुकाने. धडात लागली तर बहुधा मृत्यू, हातापायांत लागली तर अवयव कापावाच लागणार, हेही त्याने त्याच सुरात नोंदवले. सूर क्रूर नाही, तो निर्विकार आहे. मला तो जास्त खटकतो.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी इंग्रजी पुस्तकांत तळटिपेत जाते. ही गोळी हिंदुस्थानात तयार झाली, पण ती हिंदी शिपायांसाठी नव्हती. १८५७ नंतर हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची असा शिरस्ता होता. तिराहच्या मोहिमेत ली-मेटफर्ड होत्या गोऱ्यांकडे. शीख, गुरखा, पंजाबी शिपाई मार्टिनी-हेन्री घेऊन लढत होते. १२ सप्टेंबर १८९७ ला सारागढीच्या चौकीवर एकवीस शीख मारले गेले ते जुन्या बंदुका हाती घेऊन. दमदमच्या पहिल्या काडतुसाने सरकारला जो धडा दिला होता, त्याची सावली दुसऱ्या काडतुसाच्या वाटपावर अशी पडलेली दिसते. (त्याच आठवड्यात, १४ सप्टेंबरला, मुंबईत टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. पुण्यात प्लेग, रँडचा खून, सरहद्दीवर बंड. सरकारच्या दृष्टीने ते एकच अस्वस्थ वर्ष होते.)

गोळी लागलेल्या अफ्रिदी माणसाचे काय झाले? या विषयावरचे मी जेवढे वाचले ते सगळे गोळी झाडणाऱ्यांनी, गोळी बनवणाऱ्यांनी, किंवा गोळीवर वाद घालणाऱ्यांनी लिहिलेले आहे. तिराहच्या दऱ्यांत त्या हिवाळ्यात कुणाचा हात कुणी आणि कशाने कापला, याची हकीकत त्या कागदांत नाही.

युरोपात गवगवा झाला तो वेगळ्या कारणाने. ट्युबिंगेनचे शल्यविशारद प्राध्यापक पाउल फॉन ब्रुन्स यांनी १८९८ मध्ये मऊ टोकाच्या गोळ्या मृतदेहांवर झाडून त्यांचे परिणाम प्रसिद्ध केले. ते भयंकर होते. इंग्रज चिडले, आणि त्यांची तक्रार अगदीच पोकळ नव्हती: ब्रुन्स यांनी वापरलेल्या गोळ्या दमदमच्या नव्हत्या, त्या शिकारीच्या होत्या, आणि त्यांचे कितीतरी जास्त शिसे उघडे होते. अ‍ॅबर्डीनच्या अलेक्झांडर ऑगस्टन यांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात हा फरक दाखवून दिला. जखमांत पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जंतूला नाव देणारे ते हेच ऑगस्टन. त्यांचे म्हणणे सहज उडवून लावता येण्यासारखे नव्हते. पण तोवर 'डमडम' हे नाव वर्तमानपत्रांत रुजले होते, आणि तोवर इंग्रजांनीही केवळ दमदमवर विसंबणे सोडले होते. वुलिचच्या सरकारी कारखान्यात टोकाला पोकळी असलेल्या गोळ्या बनू लागल्या होत्या. सुदानात अटबराच्या लढाईआधी तर गोरे शिपाई कानशीने आपल्या गोळ्यांची टोके घासत बसले होते. सप्टेंबर १८९८ मध्ये ओमदुर्मानला दहा हजारांवर सुदानी पडले. विजेत्यांचे मेलेले पन्नासच्या आत होते. ती किमया मुख्यतः मॅक्सिम तोफांची आणि तोफखान्याची. पण पोकळ टोकाच्या गोळ्याही तिथे होत्या.

याच वेळी झार निकोलस दुसरा याने शस्त्रकपातीसाठी परिषद बोलावली. तिजोरीची चणचण हे एक कारण होते हे त्या वेळीही सगळे जाणून होते. १८ मे १८९९ ला हेगजवळच्या हाउस टेन बॉस या राजवाड्यात २६ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले. आशियातून चीन, जपान, इराण, सयाम आणि तुर्कस्तान होते. हिंदुस्थान अर्थातच नव्हता. पण एका अर्थाने त्याची सरहद्द तिथे रोज हजर होती.

विषय काढला स्वित्झर्लंडच्या कर्नल क्यून्झ्ली यांनी. जखमा विनाकारण वाढवणाऱ्या गोळ्यांवर बंदी असावी, असे त्यांनी म्हटले, डच जनरल डेन बीर पोर्तुगाल यांनी पाठिंबा दिला, आणि सर्वांच्या नजरा मेजर जनरल सर जॉन आर्डा यांच्याकडे वळल्या. आर्डा हे ब्रिटिश लष्करी गुप्तवार्ता खात्याचे प्रमुख. त्याआधी १८८८ ते १८९४ ते व्हाइसरॉय लॅन्सडाउनचे खासगी सचिव होते, म्हणजे सिमल्याच्या फायली त्यांना पाठ होत्या.

आर्डांनी जे सांगितले ते परिषदेच्या इतिवृत्तात आहे. सुधारलेल्या देशांच्या युद्धात, ते म्हणाले, बारीक गोळी लागलेला शिपाई मागे फिरतो, रुग्णपथकाकडे जातो. रानटी माणसाचे तसे नसते. दोन-तीन गोळ्या आरपार गेल्या तरी तो पुढेच येत राहतो, आणि तू हेगच्या परिषदेच्या ठरावाचा भंग करतो आहेस हे त्याला कुणी समजावून सांगण्याआधीच तो तुमचे मुंडके उडवतो. सभेत यावर हशा पिकला की नाही हे इतिवृत्तावरून कळत नाही. विनोद मात्र केलेला आहे.

त्याला उत्तर देणारा माणूस लष्करी नव्हता. रशियाच्या शिष्टमंडळातले आर्थर राफालोविच हे अर्थखात्याचे. त्यांचे म्हणणे असे की, सुधारलेला शत्रू आणि रानटी शत्रू असा भेद करणे शतकाच्या अखेरीच्या मानवतेच्या भावनेला सोडून आहे. दोघेही माणसे आहेत आणि दोघांना एकच वागणूक मिळाली पाहिजे. रशियन बाजूने आणखी एक व्यवहारी मुद्दा आला: शिपायाने काय दोन पडतळी बाळगायच्या, एकीत रानटी लोकांसाठी काडतुसे आणि दुसरीत सुधारलेल्यांसाठी?

राफालोविच यांचे वाक्य मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत स्वच्छ वाक्य वाटते. तरी रशियाचे त्यात काही जात नव्हते हेही लक्षात ठेवावे. मध्य आशियात रशियन फौजांनी टोळीवाल्यांशी केलेली युद्धे काही हळुवार नव्हती.

तिसरी बाजू अमेरिकेच्या कॅप्टन विल्यम क्रोझिअर यांची. अमेरिकेचे फिलिपिन्समध्ये नुकतेच युद्ध सुरू झाले होते, त्यामुळे त्यांच्याकडेही संशयाने पाहिले गेले. पण क्रोझिअर हे तोफखान्याच्या खात्यातले तज्ज्ञ होते आणि त्यांचा मुद्दा तज्ज्ञाचा होता. तुम्ही गोळीच्या बांधणीवर बंदी घालता आहात, ते म्हणाले. कवच कुठवर असावे, चिरा असाव्यात की नसाव्यात. उद्या कुणी पूर्ण कवचाची अशी गोळी काढेल की जिची जखम याहून भयंकर असेल, आणि ती तुमच्या शब्दांत बसणार नाही. त्यापेक्षा माणसाला तत्काळ लढण्यास असमर्थ करण्यासाठी लागते त्याहून अधिक क्रूर जखम करणाऱ्या गोळ्या नकोत, असे तत्त्व लिहा.

परिषदेने त्यांचे ऐकले नाही. तत्त्व लिहिले तर प्रत्येक जण आपली गोळी त्यात बसवून दाखवेल, ही भीती होती, आणि तीही खोटी नव्हती. मानवी शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ ज्यांचे कठीण कवच गाभा पूर्ण झाकत नाही किंवा ज्यांच्या कवचाला चिरा आहेत अशा, वापरायच्या नाहीत, असे ठरले. २२ मते बाजूने, ब्रिटन आणि अमेरिका विरोधात, पोर्तुगाल तटस्थ. दमदमचे नाव मसुद्यात नाही, पण ते 'उदाहरणार्थ' दमदमचेच आहे.

आणि शेवटी पुन्हा ते कलम: ही बंदी करार करणाऱ्यांमधल्या युद्धापुरतीच. त्यांच्यापैकी एकाच्या बाजूने कराराबाहेरचे राष्ट्र उतरले की तेवढ्या युद्धापुरती बंदी संपली. म्हणजे आर्डांची सूचना सभेने फेटाळली, पण तिचा गाभा कलमात राहिलाच होता. अफ्रिदींनी काही करारावर सही केलेली नव्हती. ब्रिटनने निमूट सही केली असती तरी तिराहमध्ये कायद्याने काहीच अडले नसते. मग एवढा विरोध का केला? मला वाटते, प्रश्न इभ्रतीचा होता. आपल्या गोळीवर सगळ्या युरोपने बोट ठेवावे हे ब्रिटनला सोसले नाही.

पुढच्याच ऑक्टोबरात बोअर युद्ध पेटले. समोर गोरे, ख्रिस्ती, युरोपीय वंशाचे शेतकरी. ब्रिटनवर कराराचे बंधन नव्हते, तरी पोकळ टोकाच्या गोळ्या मागे घेऊन पूर्ण कवचाच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्या पोकळ टोकाच्या गोळ्यांत तांत्रिक दोषही होते, तापलेल्या बंदुकीत कवच निसटत असे, हे खरे. पण रानटी आणि सुधारलेला यांसाठी दोन पडतळी लागतील हा राफालोविचांच्या बाजूचा टोला इतक्या लवकर प्रत्यक्षात दिसेल असे त्यांनाही वाटले नसेल. १९०७ मध्ये ब्रिटनने जाहीरनामा स्वीकारला. अमेरिकेने तो कधीच स्वीकारला नाही.

क्रोझिअर यांचे भाकीतही खरे ठरले, आणि त्यासाठी फार थांबावे लागले नाही. १९१० मध्ये ब्रिटिश सैन्यात .३०३ ची 'मार्क सात' गोळी आली. टोकदार, वेग सेकंदाला ७४० मीटरच्या आसपास, आणि कवच पूर्ण. हेगच्या शब्दांत बोट ठेवायला जागा नाही. मात्र कवचाच्या आत टोकाकडच्या भागात शिशाऐवजी हलके अ‍ॅल्युमिनियम असे, पुढे युद्धकाळात लाकडाचा लगदाही. त्यामुळे वजन मागे सरकले. अशी गोळी हवेत सरळ जाते, पण शरीरात शिरली की तोल जाऊन आडवी होते, कोलांटी घेते. ती पसरत नाही, फिरते. जखम किती मोठी होते हे पहिल्या महायुद्धातल्या शल्यविशारदांनी पाहिले. तिच्यावर बंदी कधीच आली नाही.

ही गोळी आपल्या घराजवळची आहे. पुण्याजवळ खडकीला १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला, तिथे.३०३ ची काडतुसे अनेक वर्षे बनत राहिली. त्यांच्या बुडावर 'के एफ' असा शिक्का असतो, किरकी फॅक्टरी. जुनी काडतुसे जमवणारे जगभरचे छांदिष्ट आजही हा शिक्का ओळखतात. दमदमचे नाव बदनाम झाले आणि खडकीचे झाले नाही, याचे कारण अ‍ॅल्युमिनियमचा तो तुकडा बाहेरून दिसत नाही, एवढेच.

१८९९ च्या परिषदेत गुदमरवणारे वायू पसरवणे हाच हेतू असलेल्या तोफगोळ्यांवरही बंदी आली होती. २२ एप्रिल १९१५ ला ईप्रला जर्मनांनी क्लोरिन सोडला तो तोफगोळ्यांतून नव्हे, जमिनीत पुरलेल्या नळकांड्यांतून. शब्द पाळला, अर्थ गाडला. चार दिवसांनी, २६ एप्रिलला, त्याच आघाडीवर हल्ला चढवणाऱ्या लाहोर डिव्हिजनमधल्या हिंदी शिपायांनी तो वायू छातीत घेतला. तोंडावर धरायला त्यांच्याजवळ ओल्या फडक्यांपलीकडे फारसे काही नव्हते. १९२५ मध्ये जिनिव्हाला विषारी वायू आणि जंतू यांच्या वापरावर बंदी घालणारा करार झाला, त्यावर हिंदुस्थानची वेगळी सही आहे, कारण राष्ट्रसंघात हिंदुस्थानला स्वतंत्र खुर्ची होती. १९३० मध्ये आपण तो मान्य केला, पण शत्रूने मोडला तर आम्हीही बांधील नाही, ही अट घालून. स्वतंत्र भारताने पुढे १९९३ चा रासायनिक अस्त्रांवरचा करार स्वीकारला, आपल्याकडे साठा आहे हे जाहीर केले आणि २००९ पर्यंत तो नष्ट केला. या इतिहासात अभिमानाने सांगण्यासारखी जी थोडी पाने आहेत त्यांत हे येते, आणि त्याचाही फारसा बोलबाला झाला नाही.

आपल्याकडे या विषयावर बोलताना मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायाचा आधार दिला जातो. लपवलेली, आकड्यांची, विष लावलेली, टोक तापवलेली शस्त्रे वापरू नयेत असा आदेश तिथे आहेच. १९९६ मध्ये अण्वस्त्रांवरच्या सल्लामतात आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे श्रीलंकेचे न्यायमूर्ती वीरमंत्री यांनी आपल्या भिन्नमतपत्रिकेत रामायण-महाभारताचे दाखले दिले आहेत. मला हे दाखले महत्त्वाचे वाटतात, पण 'हे आमच्याकडे आधीच होते' म्हणून विषय संपवण्यासाठी नव्हे. आकड्यांचा बाण काढताना मांस फाटते, हे ज्याने पाहिले त्यानेच तो नियम लिहिला असणार. दमदमच्या गोळीवरचा आक्षेपही तोच आहे. पण धर्मयुद्धाचे नियमही बरोबरीच्यांसाठी होते. म्लेंच्छ, दस्यू, वनवासी यांच्याशी ते किती पाळले जात, हा प्रश्न आपण आपल्या ग्रंथांना विचारला नाही, तर आर्डांना विचारण्याचा अधिकार उरत नाही.

आजचा आपला व्यवहारही पाहण्यासारखा आहे. १९९७ च्या भूसुरुंगबंदी करारात भारत नाही. लांबच लांब सरहद्द आणि तिथली गरज हे त्याचे कारण सांगितले जाते. सुरुंगांवर पूर्ण बंदी न घालता निर्बंध घालणारा दुसरा करार आपण स्वीकारलेला आहे, आणि सरहद्दीची अडचण खोटी आहे असे मी म्हणणार नाही. फक्त ते निवेदन वाचताना १८९९ ची फाईल आठवते. तीतही सरहद्द होती.

गोळीच्या बाबतीत आणखी एक विचित्र गोष्ट घडली. ज्या गोळ्या युद्धात निषिद्ध, त्याच अनेक देशांचे पोलीस आपल्याच नागरिकांमध्ये वावरताना वापरतात. कारण पटण्यासारखे आहे. पसरणारी गोळी गुन्हेगाराच्या शरीरात थांबते. पूर्ण कवचाची गोळी त्याला भेदून मागे उभ्या असलेल्या बाईला किंवा मुलाला लागू शकते. रणांगणावर मागे उभा असलेला माणूसही शत्रूच असतो, म्हणून तिथे हा विचार नव्हता. पण आज युद्धे रणांगणावर होतातच कुठे? ती होतात वस्त्यांत, बाजारात, इमारतींच्या जिन्यांवर. ओलीस सोडवायला गेलेल्या कमांडोने कोणती गोळी भरावी, याचे उत्तर तो लढाई करतो आहे की पोलिसी कारवाई, यावर अवलंबून राहते, आणि ते ठरवायला पुष्कळदा त्याच्यापाशी वेळ नसतो.

हा गुंता १९९८ मध्ये रोमला पुन्हा समोर आला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची संविधी लिहिताना युद्धगुन्ह्यांच्या यादीत पसरणाऱ्या गोळ्या आल्या, आणि शब्द जवळजवळ तेच १८९९ चे: गाभा पूर्ण न झाकणारे कवच, कवचाला चिरा. शंभर वर्षांपूर्वी दमदमच्या कारखान्यात कापलेला तो मिलिमीटरभर पत्रा एकविसाव्या शतकाच्या फौजदारी कायद्यात जाऊन बसला. पण गुन्हा होता तो दोन राष्ट्रांमधल्या युद्धापुरता. सरकार आणि बंडखोर, सरकार आणि टोळ्या यांच्यातला संघर्ष त्यातून अजूनही बाहेर होता.

जून २०१० मध्ये युगांडातल्या कंपाला इथे बेल्जियमने मांडलेली दुरुस्ती मंजूर झाली आणि देशांतर्गत सशस्त्र संघर्षातही पसरणारी गोळी वापरणे हा युद्धगुन्हा ठरला. अफ्रिदी कायद्याच्या आत आला, एकशे अकरा वर्षांनी. पोलिसी कारवाईचा पेच सोडवण्यासाठी त्याच ठरावाच्या प्रस्तावनेत एक खुलासा जोडला गेला: यातना विनाकारण वाढवण्यासाठी गोळी वापरली असेल तरच गुन्हा. क्रोझिअर यांचे तत्त्व आणि परिषदेची बांधणी असे दोन्ही आता एकाच मसुद्यात आहेत.

ही दुरुस्ती ती स्वीकारणाऱ्या देशांनाच लागू होते. भारत त्या न्यायालयाचा सदस्य नाही. दमदमला सरकारी शस्त्रकारखाना आजही आहे.